सातशे माणसांचा जिल्हा : सिल्व्हर्टनमधील पाच दिवस

महसूल खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला नव्या गावात पाऊल ठेवताच पहिला प्रश्न पडतो, तो म्हणजे हे गाव कशाचे ठिकाण आहे. तालुक्याचे, जिल्ह्याचे, की नुसतेच वस्तीचे? कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील सिल्व्हर्टनला जायचे ठरले तेव्हा लेकीने उत्साहाने त्या गावाच्या आगगाडीचे वर्णन केले, जावयांनी डोंगरांचे केले. पण माझे मन अडकले ते एका आकड्यात. २०२० च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या ६२२ आणि ज्या सान हुआन काउंटीचे ते मुख्यालय आहे, त्या संपूर्ण काउंटीची लोकसंख्या ७०५. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तरी त्यांच्याहून बरेच मोठे, आणि माणसे आमच्या पुण्यातील सोसायटीत राहतात त्याहून कमी. एवढ्या माणसांसाठी तेथे न्यायालय आहे, शेरीफ आहे, कर गोळा करणारा कोषाधिकारी आहे आणि दस्तनोंदणीचे कार्यालयही आहे. ते कसे चालते, हे पाहण्यासाठीच मी या सहलीला निघालो, असे म्हटले तरी चालेल.

शनिवार

आल्बुकर्कीहून आदल्या दिवशी मोटारीने निघून आम्ही डुरँगोला मुक्काम केला होता. सकाळी जावई मोटार घेऊन महामार्गाने पुढे निघाले आणि लेक, सौ. व मी आगगाडीत बसलो. डुरँगो हे गावच मुळी रेल्वे कंपनीने १८८० मध्ये वसवले आणि तेथून सिल्व्हर्टनपर्यंतचा सुमारे ७२ किलोमीटरचा मार्ग जुलै १८८२ मध्ये पुरा झाला. हेतू एकच होता, वरच्या खाणींतील खनिज खाली आणणे. रुळांतील अंतर तीन फूट. माथेरानच्या गाडीचे दोन फूट असते, त्यामुळे सौ.ना ही गाडी ‘चांगलीच रुंद’ वाटली आणि अमेरिकेतल्या इतर प्रवाशांना ती खेळण्यातली वाटत होती. इंजिन १९२५ साली बांधलेले, पूर्वी कोळशावर चालणारे आणि आता तेलावर चालवले जाणारे. आम्ही मुद्दाम उघड्या बाजूंचा डबा घेतला होता. पहिला तासभर कुरणे आणि घरे दिसतात. रॉकवुड ओलांडल्यावर मात्र गाडी कड्याच्या पोटात कोरलेल्या अरुंद पट्टीवर चढते आणि खाली शेकडो फुटांवर ॲनिमस नदी हिरवट दिसू लागते. येथे गाडी इतकी हळू जाते, की रुळांच्या कडेच्या खडकावरील सुरुंगाच्या भोकांचे निम्मे उरलेले पन्हाळे मोजता येतात. नदीचे नाव स्पॅनिश असून त्याचा अर्थ आत्म्यांची नदी असा होतो. परंपरेने त्यापुढे ‘हरवलेल्या’ हा शब्दही जोडला जातो.

साडेतीन तासांच्या या चढणीत गाडी जवळजवळ तीन हजार फूट वर येते. दरी एकाएकी रुंदावते आणि चारी बाजूंनी डोंगर असलेल्या एका सपाट वाटीत गाव दिसते. उंची ९,३१८ फूट, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या पावणेदोनपट. स्थानक म्हणावे असे काही वाटेत येत नाही. गाडी थेट गावातील रस्त्याच्या मधोमध येऊन थांबते आणि शेकडो प्रवासी एकदम धुळीत उतरतात. पुढचे दोन तास ग्रीन स्ट्रीटवर आणि तिच्या शेजारच्या ब्लेअर स्ट्रीटवर जत्रा असते. फज, टोप्या, चांदीचे दागिने, हरणाच्या मांसाचे बर्गर. मग शिटी होते, गर्दी डब्यांत परतते, गाडी निघून जाते आणि पाऊण तासात त्याच रस्त्यावर एक कुत्रे आडवे पसरून झोपी जाते. बहुतेक पर्यटकांनी पाहिलेले सिल्व्हर्टन म्हणजे हे दोन तास. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण गाव पाहायचे असेल तर गाडी गेल्यानंतर पाहावे, असे माझे मत पहिल्याच संध्याकाळी झाले आणि शेवटपर्यंत टिकले.

डांबरी रस्ता म्हणावा असा गावात ग्रीन स्ट्रीट हाच एक. बाकीचे सगळे मातीचे, आणि ते गरिबीमुळे नव्हे तर सवयीने तसे राहिले आहेत. आम्ही स्वयंपाकघर असलेले छोटे घर घेतले होते. लेकीने प्रेशर कुकर बरोबर आणला होता, त्याचे कारण रात्री कळले. एवढ्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला रात्र जाईल. कुकरच्या चार शिट्यांनंतर वरण-भात मिळाला. सौ.चे डोके दुखत होते, म्हणून भरपूर पाणी पिऊन सर्व जण लवकर झोपलो.

रविवार

काउंटीचे कार्यालय रविवारी बंद, हे मी आधी लक्षात घ्यायला हवे होते. तरी सकाळी सातलाच जाऊन इमारत बाहेरून पाहून आलो. १९०७ मध्ये बांधून झालेले हे न्यायालय ग्रीन स्ट्रीटच्या उत्तर टोकाला उभे आहे आणि त्याच्या मनोऱ्यावर घड्याळ व सोनेरी घुमट आहे. कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी शोभावी अशी ही इमारत उभी राहिली तेव्हा वस्ती आजच्या कितीतरी पट होती. एका पिढीचा पैसा आणि तिचा भविष्यावरचा विश्वास त्या घुमटात दिसतो. गावातले कार्नेगी ग्रंथालय, नगरभवन आणि हे न्यायालय, तिन्ही इमारती १९०६ ते १९०८ या दोन-तीन वर्षांतल्या. तेव्हा या खोऱ्यात हात सैल होता.

न्यायालयाच्या शेजारी १९०२ सालचा काउंटीचा तुरुंग आहे, आता ते स्थानिक इतिहास मंडळाचे संग्रहालय आहे. खाली शेरीफ आणि त्याचे कुटुंब राहायचे, वर कोठड्या होत्या. शेरीफची बायको स्वतःच्या चुलीवर कैद्यांचा स्वयंपाक करीत असणार, असे सौ. म्हणाल्या, आणि त्या छोट्याशा स्वयंपाकघराकडे पाहता ते मला पटले. तुरुंगाला लागूनच खाणकामाचे मोठे दालन आहे, आणि डोंगरातून उचलून आणलेले कामगारांचे एक जुने वसतिगृहही त्यात सामावून घेतलेले आहे.

या दालनात मी अपेक्षेपेक्षा जास्त वेळ रेंगाळलो, आणि त्याला कारण झाले १८९३ हे साल. १८६० मध्ये चार्ल्स बेकर सोन्याच्या शोधात या खोऱ्यात आला होता, पण भूमी यूट या मूळ रहिवासी जमातीची होती. १८७३ च्या ब्रुनो कराराने त्यांच्याकडून हा डोंगराळ मुलूख काढून घेण्यात आला आणि लगेच १८७४ मध्ये गावाची आखणी झाली. चांदीवर गाव वाढले, म्हणून नावातही चांदी. मग १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोतील कितीतरी खाणगावे ओस पडली. याचे कारण सामान्यतः अमेरिकी सरकारने चांदीची सक्तीची खरेदी थांबवली, असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे; पण तो कायदा रद्द झाला नोव्हेंबरात. त्याआधी, जूनच्या अखेरीस, हिंदुस्थान सरकारने आपल्या टाकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीसाठी बंद केल्या होत्या. तोवर मुंबई किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. चांदीचा जगातला एक मोठा ग्राहक एका दिवसात उठून गेला. तार पोहोचताच भाव घसरले आणि काही दिवसांतच कोलोरॅडोतील खाणी भराभर बंद होऊ लागल्या. मुंबईच्या फोर्टातील टाकसाळीवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. तिच्या दरवाजाला पडलेल्या कुलपाने या नऊ हजार फुटांवरच्या गल्लीतले दिवे मालवले असतील, असे कधी मनात आले नव्हते.

सिल्व्हर्टन मात्र टिकले. येथील खनिजात चांदीबरोबर सोने, शिसे, तांबे आणि जस्त मिसळलेले असल्याने एकाचा भाव पडला तरी दुसरे तारून नेत असे. आणि रेल्वे होती. या रेल्वेचेही हाल कमी नव्हते. १८८४ च्या हिवाळ्यात बर्फामुळे मार्ग ७३ दिवस बंद राहिला होता.

दुपारी गावाच्या उत्तरेकडील टेकडीवरच्या हिलसाइड दफनभूमीत गेलो. दगडांवरील नावे इटालियन, कॉर्निश, स्वीडिश, स्लाव्ह. हिमस्खलन, खाणीतला स्फोट, न्यूमोनिया, अशी मृत्यूंची कारणे वाचत वर गेले की १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे स्मारक लागते. त्या साथीत या गावातली दीडशेहून अधिक माणसे गेली, म्हणजे दर दहा माणसांत सुमारे एक. शवपेट्या आणि खड्डे खणणारी माणसे दोन्ही अपुरी पडल्याने अनेकांना एकाच चरात पुरावे लागले. आमच्या घरी आजी ‘मानमोडी’ म्हणून ज्या साथीचे नाव काढीत असे ती हीच, हे मी सौ.ना सांगितले आणि मग बराच वेळ आम्ही कोणी बोललो नाही.

परतताना ॲन्व्हिल डोंगराच्या उतारावरील खाणकामगारांच्या ख्रिस्तापाशी थांबलो. इटलीतील कॅरारा संगमरवराचा हा बारा टनांचा पुतळा १९५९ मध्ये, खाणी बंद पडत चालल्या असताना गावकऱ्यांनी बसवला. त्यामागच्या कमानीचे दगड एका जुन्या बिअरच्या कारखान्याचे आहेत. गावाची श्रद्धा या पुतळ्यावर का आहे, याचे उत्तर ४ जून १९७८ या तारखेत मिळते. त्या दिवशी सनीसाइड खाणीच्या वर असलेल्या एमा तलावाचा तळ फुटला आणि सगळे पाणी चिखल, यंत्रे आणि लाकडांसह खाणीतून धडधडत खालच्या बोगद्याच्या तोंडाने बाहेर पडले. तो रविवार होता. आत एकही माणूस नव्हता. इतर कोणत्याही दिवशी तेथे पाळी चालू असती. खाण साफ करायला दोनेक वर्षे गेली आणि १९९१ मध्ये ती कायमची बंद झाली. काउंटीतील शेवटची मोठी खाण तीच.

सोमवार

भाड्याची जीप घेऊन आम्ही ॲनिमस नदीच्या काठाने वर निघालो. गाव सोडल्यावर थोड्याच अंतरावर मेफ्लॉवर गिरणी आहे. १९२९ मध्ये बांधायला घेतलेली ही खनिज दळण्याची व वेगळे करण्याची गिरणी १९९१ पर्यंत चालू होती आणि आज ती आतून पाहता येते. समोरच्या अरास्त्रा खोऱ्यातील खाणीतून तारेवरच्या बादल्यांनी खनिज येत असे. तारा आणि मनोरे अजून जागेवर आहेत, आणि काही बादल्याही दरीवर तशाच लोंबकळत राहिल्या आहेत. अरास्त्रा हा स्पॅनिश शब्द. गोल दगडी खळ्यात खेचराकडून जड दगड ओढून खनिज भरडायची ती जुनी रीत. चित्र पाहताच मला आपल्याकडची चुन्याची घाणी आठवली. तिच्यात बैल आणि दगडी चाक, हिच्यात खेचर आणि ओढता धोंडा, एवढाच फरक. गिरणीच्या आत मात्र घाणीशी काही नाते नाही. मोठमोठ्या पोलादी पिंपांत पोलादी गोळ्यांबरोबर खडक फिरवून त्याची भुकटी करायची, ती पाणी व रसायनांत घोळून फेस काढायचा, आणि फेसाला चिकटून शिसे एका टाकीत, जस्त दुसऱ्या टाकीत असे वर आणायचे. उरलेली राखाडी रेती गिरणीशेजारी टेकडीएवढी साठली आहे.

पुढे हॉवर्ड्सव्हिल लागते. लागते म्हणजे, जावयांनी फलक दाखवला म्हणून कळले. दोन-चार इमारती, गवत आणि दोन ओढ्यांचा संगम. १८७४ मध्ये हा सगळा मुलूख ला प्लाटा काउंटीत मोडत होता तेव्हा तिचे पहिले मुख्यालय येथे होते. लवकरच ते सिल्व्हर्टनला हलले आणि १८७६ मध्ये सान हुआन काउंटी वेगळी झाली. मुख्यालय हलल्यावर गावाचे काय होते याची उदाहरणे मी नोकरीत पाहिली आहेत. कचेरी जाते, मग वकील जातात, मग झुणका-भाकरवाला जातो. पण गाव तरी उरते. येथे तेही उरले नाही.

जवळच्या ओल्ड हंड्रेड खाणीत पर्यटकांना छोट्या विजेच्या गाडीने गॅलेना डोंगराच्या पोटात सुमारे अर्धा किलोमीटर नेतात. पिवळा रेनकोट आणि शिरस्त्राण घालून आम्ही आत गेलो. आत बाराही महिने नऊ अंशांच्या आसपास तापमान असते. वाटाड्या स्वतः पूर्वी खाणीत काम केलेला होता. त्याने दाबाच्या हवेवर चालणारे छिद्रयंत्र काही क्षण सुरू केले आणि सौ.नी दोन्ही कान झाकले. पूर्वीचे कामगार पाण्याविना कोरडे छिद्र पाडीत आणि त्या धुळीने तरुणपणीच त्यांची फुप्फुसे दगड होत. पाणी सोडणारे यंत्र आल्यावर ते थांबले, असे त्याने सांगितले. बाहेर आल्यावर त्याने वर बोट दाखवले. कड्याच्या कुशीत, जेथे शेळीही चढायला कचरेल तेथे, कामगारांचे राहण्याचे लाकडी घर अजून उभे आहे.

दुपारी युरेका या मोडलेल्या गावापासून रस्ता खडबडीत झाला आणि आम्ही ११,२०० फुटांवरच्या ॲनिमस फोर्क्सला पोहोचलो. काही लाकडी घरे शासनाने डागडुजी करून उभी ठेवली आहेत, त्यांतील एका दुमजली घराला भिंतीबाहेर आलेली मोठी खिडकी आहे. एवढ्या उंचीवर, निर्जन दरीकडे तोंड करून कोणीतरी हौसेने बसवलेली ती खिडकी मला दिवसभरातील सर्वांत बोलकी वस्तू वाटली. येथील बहुतेक लोक हिवाळ्यात सिल्व्हर्टनला उतरत. एकच्या सुमारास आभाळ भरून आले आणि गारांचा मारा सुरू झाला. जुलै-ऑगस्टमधील या दुपारच्या पावसाला येथेही ‘मॉन्सून’च म्हणतात. पाऊण तासाने ऊन पडले. आपल्याला ते मॉन्सूनचे विडंबन वाटते, पण विजांना मात्र येथे सगळे फार मानतात आणि उघड्या माथ्यावर दुपारी थांबत नाहीत.

संध्याकाळी एका दुकानदाराकडून कळले, की दर जुलैत याच डोंगरांतून शंभर मैलांची धावण्याची शर्यत होते. १९९२ पासून चालू असलेल्या या हार्डरॉक शर्यतीत एकूण चढण ३३,००० फुटांची असते, वेळ ४८ तासांची, आणि शेवटी फीत तोडण्याऐवजी धावपटू एका मोठ्या दगडावर रंगवलेल्या मेंढ्याच्या मुखाचे चुंबन घेतो.

मंगळवार

सकाळी सिमेंट क्रीकच्या पुलावर उभे राहिलो. या ओढ्याचे दगड नारिंगी आहेत, कोणी गेरू फासावा तसे. डोंगरातील पायराइटला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते, ते इतर धातू विरघळवून बरोबर आणते आणि खाली सौम्य पाण्यात मिसळताच लोह गाळ होऊन दगडांवर बसते. हे थोडेफार निसर्गतःच घडत होते. खाणींनी डोंगर पोकळ करून त्याला हजारो दारे उघडून दिली. ५ ऑगस्ट २०१५ रोजी वरच्या गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी केंद्रीय पर्यावरण संस्थेचे पथक काम करीत असताना आत तुंबलेले पाणी फुटले आणि सुमारे १ कोटी १४ लाख लिटर विषारी पाणी या ओढ्यातून ॲनिमसमध्ये गेले. नदी डुरँगोपर्यंत आणि त्याही पुढे न्यू मेक्सिकोपर्यंत पिवळीधमक झाली. त्यापूर्वी अनेक वर्षे गाव ‘सुपरफंड’ या केंद्रीय स्वच्छता योजनेला विरोध करीत होते. नाव त्या यादीत गेले की पर्यटक फिरकणार नाहीत, ही भीती. दुर्घटनेनंतर गाव आणि काउंटी, दोघांनीही संमती दिली आणि २०१६ मध्ये परिसराचा समावेश झाला. पर्यटक काही थांबलेले नाहीत. हे मी गावकऱ्यांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. ज्या गावाचा खाणीचा घास गेला आणि पर्यटनाचा एकच उरला, त्याने भ्यावे हे स्वाभाविक होते.

मग आम्ही रेड माउंटन खिंडीतून उत्तरेला युरे या गावाकडे गेलो. ११,०१८ फुटांची खिंड, आणि तिच्यापलीकडचा महामार्ग कड्यावर कोरलेला. मूळ टोलरस्ता १८८० च्या दशकात ऑटो मिअर्सने बांधला. आजच्या लॅटव्हियात जन्मलेला, लहानपणीच अनाथ झालेला, यूट भाषा बोलणारा हा बुटका ठेकेदार नंतर सिल्व्हर्टनभोवतीच्या तीन छोट्या रेल्वेंचाही मालक झाला. रस्त्याला बऱ्याच लांबीत कठडा नाही. ही हयगय असावी असे मला वाटले होते. पण हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी तो दरीत लोटते आणि कठडा असेल तर बर्फ जाणार कोठे? वाटेत हिमस्खलनात मेलेल्या बर्फगाडीच्या चालकांचे स्मारक आहे. जोरदार हिमवर्षावानंतर हा रस्ता आणि दक्षिणेचा रस्ता दोन्ही बंद होतात, आणि मग सातशे माणसांचा हा जिल्हा अक्षरशः एकटा पडतो. उत्तरेकडे जाताना आपली मार्गिका डोंगराच्या बाजूला असते, त्यामुळे सौ. निवांत होत्या.

युरे हेही काउंटीचेच मुख्यालय, दीड हजार फूट खाली, वस्ती नऊशेच्या आत, गरम पाण्याचा तलाव आणि अरुंद घळीतला धबधबा यांमुळे पुष्कळ सुखवस्तू. नाव यूट प्रमुख युरेचे. ज्याच्या लोकांना १८८१ मध्ये येथून हाकलून दिले. गावाजवळच्या कॅम्प बर्ड खाणीने श्रीमंत झालेल्या टॉमस वॉल्शच्या मुलीने पुढे होप हिरा विकत घेतला होता, जो मूळचा आपल्या गोवळकोंड्याकडचा. बाकी युरेविषयी माझे मत फारसे झाले नाही. गाव देखणे आहे, आणि त्याला ते ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर मात्र आमची मार्गिका दरीच्या बाजूची होती. सौ.नी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि ती तीनदा पूर्ण झाली तेव्हा खिंड आली.

बुधवार

निघण्यापूर्वीचे दोन तास मी माझ्यासाठी मागून घेतले होते. कार्यालय उघडताच आत गेलो. लाकडी जिने, उंच छत आणि कागदाचा तो वास, जो बहुधा जगातल्या सगळ्या अभिलेख कक्षांना एकच असतो. खिडकीपलीकडच्या बाईंना मी लेकीमार्फत सांगितले, की मी भारतात जमिनीच्या नोंदींचे काम केले आहे आणि येथील नोंदी कशा ठेवतात एवढेच पाहायचे आहे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सरळ आत बोलावले.

भिंतीवरचा नकाशा पाहून मी चक्रावलो. आपल्या गावनकाशात गट शेजारी-शेजारी असतात, बांधाला बांध लागून. येथे शेकडो लांबट चौकोन, कोणी पत्त्यांचा कॅट फेकावा तसे एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले. प्रत्येक चौकोन म्हणजे खाणीचा एक दावा. १८७२ च्या खाणकाम कायद्यानुसार खडकातील खनिजाच्या शिरेच्या रेषेत १,५०० फूट लांब आणि जास्तीत जास्त ६०० फूट रुंद जागा मागता येत असे, दर वर्षी तेथे १०० डॉलरचे काम करून दाखवावे लागे, आणि एकरी पाच डॉलर भरून तिची कायम मालकी मिळवता येई. शिरा डोंगरात हव्या तशा धावतात, म्हणून चौकोनही तसेच. दोन दावे एकमेकांवर आले तर आधीचा श्रेष्ठ. त्याहून नवल असे, की ज्याच्या जमिनीत शिरेचा माथा असेल त्याला ती शीर शेजाऱ्याच्या जमिनीखाली गेली तरी तिच्या मागोमाग उतरत जाण्याचा हक्क. म्हणजे हद्द वर एक आणि खाली दुसरी! आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने खनिजांवरचा हक्क शासनाकडे ठेवला आहे, आणि गौण खनिजाच्या पंचनाम्यांत माझी उमेद गेली. तरी ही व्यवस्था पाहून आपल्या तलाठ्यांचे नशीब चांगले, असे वाटले.

काउंटीतील बहुतेक जमीन केंद्र सरकारची आणि उरलेली खाजगी जमीन बरीचशी या चौकोनांची. शेती नाही. खाणी बंद झाल्या, पण चौकोन राहिले. त्यांचे मालक कोठे कोठे विखुरलेले, त्यांच्या वारसनोंदी होतात, कराच्या नोटिसा जातात, न भरल्यास थकबाकीचा जाहीर लिलाव होतो. सातशे माणसांसाठी एवढी कचेरी कशाला, हा माझा पहिल्या दिवसाचा प्रश्न चुकीचा होता. ही कचेरी माणसांची नव्हे, डोंगराची आहे.

बाईंनी एक जुनी नोंदवही उघडून दाखवली. टाकाच्या तिरक्या अक्षरात लिहिलेली, पाने पिवळी, पण खाडाखोड नाही. ‘आमच्याकडे खाडाखोडीवर सही लागते,’ असे मी म्हणालो. ‘आमच्याकडेही,’ त्या म्हणाल्या, आणि शोधून एक खाडाखोड आणि तिच्यापुढची आद्याक्षरे दाखवली. मी नकाशाच्या एका तुकड्याची प्रत मागितली. त्यांनी ती काढून दिली, किरकोळ शुल्क घेतले आणि पावती लिहिली. बाहेर जावई मोटार सुरू करून उभे होते. ‘बाबा, काही राहिले का?’ असे त्यांनी विचारले. पावतीवर शिक्का नव्हता, म्हणून मी परत आत गेलो. बाईंनी हसून तो मारून दिला.